वरळीच्या विज्ञान केंद्रातल्या ताईंना, फैजपूरहून

ताई, सप्रेम नमस्कार.

ओळखपत्रावरचं तुमचं नाव मी वाचलं होतं, पण तुम्हाला न विचारता ते असं चारचौघांत लिहिणं बरं दिसत नाही. नेहरू विज्ञान केंद्रात प्रात्यक्षिकाच्या टेबलामागे तुम्ही उभ्या होतात. समोर पांढरा सदरा-पायजमा, टोपी आणि खिशाला टेस्टर लावलेले एक आजोबा होते, ते माझे सासरे. टेस्टर म्हटल्यावर तुम्हाला आठवतील. लग्नाला जाताना काढून ठेवा म्हटलं तरी ते काढत नाहीत.

आमच्याकडे त्यांना सगळे नाना म्हणतात. फैजपूरला त्यांचं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून द्यायचं, दुकान आहे. यावल-रावेरचा हा सगळा केळीचा पट्टा. केळी म्हटली की पाणी आलं, पाणी म्हटलं की बोअर, आणि बोअरचं पाणी दरवर्षी आणखी खाली जातंय, म्हणून पंप मोठे होत चाललेत. उन्हाळ्यात दुकानापुढे जळालेल्या मोटारींची रांग लागते. वाइंडिंगचं काम नाना आणि माझे मिस्टर करतात, बिलं आणि उधारीची वही माझ्याकडे.

तुम्ही आमच्यासाठी काय केलंत हे तुम्हाला कदाचित माहीतही नसेल. दिवसभरात शेकडो लोक तुमच्यासमोरून जात असतील. म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे असल्या ठिकाणी जायचं ते पोरांसाठी. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत, त्यांना दाखवायचं म्हणून आम्ही भुसावळहून रात्रीच्या गाडीत बसलो. सासू-सासऱ्यांना घरी ठेवून कसं जायचं, म्हणून तेही. म्हणजे त्यांचं काम काय, तर पोरं इकडून तिकडे पळतात तेव्हा बाकावर बसून डबे, पाण्याच्या बाटल्या आणि सगळ्यांच्या पिशव्या सांभाळणं. कुठल्याही सहलीत बघा, बाकावर अशी एक पिढी बसलेली असते. प्रवेशाचं तिकीट त्यांचंही काढलेलं असतं.

सुरुवात तशीच झाली. बाहेरच्या बागेत वाफेचं इंजिन आणि जुनी ट्राम पाहिली. मारुत विमानापाशी नाना जरा रेंगाळले. १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, आपल्याच एचएएलने बांधलेलं लढाऊ विमान आहे हे कळल्यावर त्यांनी खालून वाकून रिव्हेटा बघितल्या आणि "काम चोख आहे" असा शेरा दिला. आत गेल्यावर आरशांपाशी सासूबाई स्वतःचं बुटकं, पसरट रूप बघून पदर तोंडाला लावून हसत बसल्या. त्यांना तिथून हलवताना मिस्टरांच्या नाकी नऊ आले. पोरांचं काय विचारता, जिथे बटण दिसेल तिथे दाबायचं, काय झालं ते बघायला थांबायचं नाही, पुढच्या बटणाकडे पळायचं. एवढं मोठं केंद्र, १९८५ मध्ये उघडलेलं, नानांनी दुकान थाटलं त्याच सुमाराचं, आणि आमची पोरं त्यातून चक्रीवादळासारखी चाललेली.

मग तुमचं टेबल आलं.

तुमच्या हातात जाड तांब्याची हातभर नळी होती. तुम्ही पोरांना विचारलंत, "तांब्याला चुंबक चिकटतो का?" पोरं काही बोलायच्या आत मागून नाना म्हणाले, "नाही चिकटत." तुम्ही मान वर करून बघितलंत. इथे दुसरं कुणी असतं तर "बरोबर, आजोबा" म्हणून परत पोरांकडे वळलं असतं. तुम्ही चुंबक नळीला लावून दाखवलात, तो चिकटला नाही, आणि नळी सरळ नानांच्या हातात दिलीत.

आधी तुम्ही लोखंडाचा छोटा तुकडा आत सोडायला सांगितलात. वरून सोडला, खाली टणकन पडला. मग तेवढाच चुंबक सोडायला लावलात. नानांनी तो सोडला आणि दुसरा हात खाली धरला. हात तसाच. चुंबक येईना. त्यांना वाटलं अडकला, म्हणून नळी हलवायला गेले, तर तुम्ही म्हणालात, "हलवू नका, वरून आत बघा." त्यांनी डोळा नळीला लावला. चुंबक भिंतीला कुठेही न टेकता, तेलातून खाली जावा तसा सावकाश उतरत होता. मग हातात पडला. नानांनी चुंबक बघितला, नळी बघितली, नखाने नळी खरवडून आत लोखंड तर नाही ना याची खात्री केली.

"असं कसं होई रायलं हे?" ते म्हणाले. नाना गावाबाहेर गेले की शुद्ध बोलतात. तेव्हा विसरले.

तुम्ही हसला नाहीत. त्यांचा व्यवसाय विचारलात. रिवायंडिंग म्हटल्यावर तुमचा चेहराच खुलला. तुम्ही सांगितलंत की चुंबक पडताना नळीच्या भिंतीत वीज तयार होते. ती तिथल्या तिथे गोल फिरते, तिचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं आणि ते पडणाऱ्या चुंबकाला मागे ओढतं. बदलत्या चुंबकत्वातून वीज निघते हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं आणि ती वीज नेहमी मूळ बदलाला विरोध करते हा नियम लेन्झने १८३४ मध्ये मांडला. हे सगळं माझ्या मुलीच्या पुढच्या वर्षांच्या पुस्तकांत येईलच. पण त्यानंतर तुम्ही जे विचारलंत ते कुठल्या पुस्तकात येईल असं मला वाटत नाही.

"काका, सबमर्सिबलच्या, म्हणजे पाण्यात बुडवायच्या मोटारीच्या प्लेटवर आरपीएम, मिनिटाचे फेरे, किती लिहिलेले असतात?"

नानांना हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. "२८८०."

"आपल्याकडची वीज ५० सायकलची, म्हणजे सेकंदाला ५०. मिनिटाला ३००० फेरे व्हायला हवेत. मग मधले १२० कुठे गेले?"

ताई, नानांनी हजारो मोटारी बांधल्यात. स्लॉटमध्ये तार कशी बसवायची, कुठल्या गेजची, किती वेढे, कुठल्या कंपनीच्या मोटारीचं थ्रस्ट बेअरिंग आधी जातं, सगळं तोंडपाठ. जळालेली मोटार उघडायच्या आत वासावरून सांगतात की एक फेज (विजेच्या तीन तारांपैकी एक) गेला होता की पाण्याशिवाय चालली. पण २८८० का, हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आणि तुम्ही विचारून लगेच उत्तर सांगून मोकळ्या झाला नाहीत. मागे शाळेची एक रांग येऊन उभी राहिली होती, पोरं चुळबुळ करत होती, त्यांच्या बाई घड्याळ बघत होत्या. तरी तुम्ही थांबलात.

नानांनी नळी आडवी धरली, उभी धरली. मग हळूहळू, बोटाने हवेत गोल काढत म्हणाले, "तीन फेज एकामागून एक येतात. म्हणजे आत चुंबकच गोल फिरतो म्हणा ना. मोटारीच्या आत फिरतो त्या रोटरमध्ये तांब्याच्या सळ्या आहेत, तारेचं कनेक्शन तर काहीच नाही. तो चुंबक त्यांना ओढत नेतो." आणि मग थोडं थांबून, "पण सळ्या त्याच्या बरोबरीने पळायला लागल्या, तर मग फरकच राहणार नाही. फरक नाही तर सळ्यांत वीज नाही. वीज नाही तर ओढ नाही. म्हणून तो कायम थोडा मागेच राहणार."

तुम्ही त्या शाळेच्या पोरांकडे वळून म्हणालात, "ऐकलंत? हेच मी तुम्हाला सांगणार होते."

तेवढ्यावरही तुम्ही सोडलं नाहीत. सासूबाई बाजूला पिशव्या घेऊन उभ्या होत्या. त्यांना तुम्ही जुन्या काळ्या मीटरबद्दल विचारलंत, ज्यात ॲल्युमिनियमची चकती फिरायची. सासूबाईंना ती चांगलीच आठवत होती, कारण चकती जोरात फिरायला लागली की त्या शेगडी बंद करायला पळायच्या. ती चकतीही याच तत्त्वावर फिरायची आणि तिला आवरायलाही शेजारी एक चुंबक बसवलेला असायचा, असं तुम्ही सांगितलंत. हा खुलासा सासूबाईंनी गावी आल्यावर अख्ख्या गल्लीला ऐकवला. नवीन डिजिटल मीटरबद्दल त्यांचं मत आधीच वाईट होतं, आता त्याला शास्त्राचा आधार मिळाला.

नानांना मी कधी कुणाला शिकवताना पाहिलं नव्हतं. दुकानात पोरं कामाला येतात, बघून बघून शिकतात, नाना फक्त चुकलं की ओरडतात. त्यांचंही शिक्षण तसंच झालं, भुसावळच्या एका उस्तादाच्या हाताखाली. आपल्या कामामागे शास्त्र आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण ते शास्त्र इंजिनियर लोकांचं आणि आपली ती हातोटी, अशी वाटणी त्यांनी मनात करून टाकलेली होती. मला वाटतं, आमच्याकडच्या निम्म्या कारागिरांनी ती तशीच केलेली आहे. ती मोडायला कुणी व्याख्यान दिलं असतं तर नानांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं. तुम्ही त्यांना त्यांच्याच प्लेटवरचा आकडा विचारलात.

आता इकडची हकीकत. आल्या आल्या नानांनी भंगाराच्या डब्यातून मोडक्या रोटरांची तांब्याची कडी काढली. पाणबुडी मोटारीच्या रोटरला दोन्ही टोकांना अशी कडी असतात, सळ्या त्यांत ब्रेझिंगने जोडलेल्या. ती एकावर एक रचून नळी तयार केली. मुलीने ऑनलाइन छोटा, पण जोरकस चुंबक मागवला. मिस्टर म्हणाले की कड्यांमध्ये फट आहे, नुसती एकमेकांवर ठेवलेली आहेत, हे चालायचं नाही. चाललं. मुलीनेच सांगितलं की वीज प्रत्येक कड्यात गोल फिरते, एका कड्यातून दुसऱ्यात जायची तिला गरजच नाही. मग नानांनी हॅक्सॉने प्रत्येक कड्याला उभा काप दिला, गोल रस्ता तोडला, आणि चुंबक परत सोडला. या वेळी तो कितीतरी लवकर खाली आला. नाना मिस्टरांकडे बघून म्हणाले, "म्हणून सळीचा जोड सुटला की मोटार लोड घेत नाही." हे दोघांनाही आधीपासून माहीत होतं. का, ते आता हातात दिसलं.

कडी दुकानाच्या काउंटरवर आहेत, कापलेली एका बाजूला, न कापलेली दुसऱ्या बाजूला. एरवी "माझी मोटार कधी देता, केळी सुकून चालली" म्हणून डोक्यावर बसणारे शेतकरी आता चुंबक टाकत बसतात. कमी व्होल्टेजने मोटार का जळते, हेही नाना आता वेगळं सांगतात. पूर्वी एका वाक्यात मिटायचं, व्होल्टेज कमी आलं, जळाली. आता म्हणतात, जोर कमी पडला की रोटर आणखी मागे पडतो, जितका मागे पडेल तितकी जास्त वीज खेचतो आणि तापतो. त्यामुळे स्टार्टरचा ओव्हरलोड रिले (मोटारीने जास्त वीज खेचली की ती बंद करणारा) बायपास करू नका हे सांगणंही त्यांना सोपं झालंय. ऐकतात किती ते विचारू नका. रिले बायपास करणं हा आमच्याकडे जवळपास कुळाचार आहे.

तुमच्या नोकरीत हे सगळं करायची तुम्हाला सक्ती नव्हती. नळी दाखवून, दोन वाक्यं बोलून पुढची रांग घेतली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. त्याबद्दल तुमचे आणि तुम्हाला तसं करू देणाऱ्या केंद्राचे आम्ही सगळे मनापासून आभार मानतो. थंडीत इकडे या. वांगी भाजायच्या दिवसांत आलात तर भरीत आणि कळण्याची भाकरी, आणि केळीच्या बागेत फिरवायला नाना स्वतः येतील.

पत्र लिहितेय म्हटल्यावर नानांनी एक प्रश्न पाठवलाय. तो त्यांच्याच शब्दांत देते. सिंगल फेज मोटारीचा कॅपॅसिटर, म्हणजे ती सुरू करून देणारा भाग, गेला की ती जागेवर नुसती गुणगुणते. पण शाफ्टला हाताने झटका दिला की ज्या दिशेला दिला त्या दिशेला ती पळत सुटते, उलट दिला तर उलट. (पोरांनो, तुम्ही हे करून बघायचं नाही, बोटं जातात.) तीन फेजचा चुंबक एकाच दिशेला फिरतो, ते पटलं. मग हा सिंगल फेजचा दोन्हीकडे कसा तयार असतो? लगेच उत्तर पाठवू नका असं ते म्हणतात, आधी त्यांना विचार करू द्या. मी मात्र म्हणते पाठवाच, कारण ते रात्री झोपत नाहीत आणि सासूबाई मला बोलतात.

कळावे, लोभ असावा.

आपली,
फैजपूरच्या रिवायंडिंगवाल्या नानांची सून