मेकॅनिक दादा, तुमचे जाहीर आभार

दादा,

तुम्हाला समोर थँक्यू म्हटलं तर तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून पाने-पकडी गोळा करायला लागलात, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. वाचा किंवा नका वाचू, मला लिहायचंच आहे.

आधीची कथा मी तुम्हाला नीट सांगितलीच नव्हती. आमच्या राइडिंग मोवरचं, म्हणजे वर बसून चालवायच्या गवत कापायच्या गाडीचं, इंजिन ठणठणीत, ब्लेडही मस्त फिरत होती, पण जरा चढ आला की गाडी जागच्या जागी घुंघुं करायची आणि रबर जळल्याचा वास सुटायचा. आधी जे आले त्यांनी चाकांकडे जाणारा बेल्ट बदलला, पैसे घेतले, गेले. तो नवा बेल्टपण थोड्याच दिवसात घसरायला लागला. परत बोलावलं तर गाडीकडे बघायच्या आधीच निकाल तयार, ट्रान्समिशन (इंजिनची ताकद चाकांना देणारा भाग) गेलंय, अख्खं बदलावं लागेल. कशावरून म्हणून विचारलं तर म्हणे मॅडम तुम्हाला नाही कळणार, घरात कोणी जेन्ट्स असतील तर त्यांना फोन द्या. आता गाडी चालवते मी, बिल भरते मी, फोन कुणाला देऊ? आणखी एक साहेब तर न येताच फोनवर म्हणाले, नवीनच घेऊन टाका. यांना काम नको असतं की माणसंच नको असतात देव जाणे.

तुम्ही आलात, चावी काढून घेतली, प्लगची वायर काढली, सीटखालचं लेबल वाचलं आणि मागे वाकून तो गाडी ढकलायच्या वेळी ओढतात तो दांडा बघितलात. तो तसाच फ्रीवर राहिला असेल तर हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारी गाडी, इंजिन कितीही ओरडलं तरी हलत नाही, हे मला तुमच्याकडून कळलं. दांडा जागेवर होता ही गोष्ट वेगळी, पण ट्रान्समिशन गेलं म्हणणाऱ्याने तो बघायचे कष्टसुद्धा घेतले नव्हते!

मग डेक, म्हणजे ब्लेड बसवलेला खालचा भाग, उतरवला, बेल्ट काढला, ते सगळं इथे लिहीत बसत नाही. मला जे सांगायचंय ते त्यानंतरचं. तुम्ही हाक मारलीत, "ताई, जरा इकडे या, हात घाण होतील, चालेल ना?" आणि फडकं आधीच काढून ठेवलं होतंत. म्हणालात ही पुली बोटाने फिरवून बघा. फिरवली, गुळगुळीत, आवाज नाही काही नाही. "आता ही." दुसरी आयडलर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी पुली, फिरवली तर बोटाला खरखर लागली, आत वाळू भरल्यासारखी, आणि धरून हलवली तर चक्क डुलत होती. तुम्ही काहीच बोलला नाहीत, नुसते थांबलात. मीच म्हटलं, बेअरिंग? तेव्हा कुठे तुम्ही हसून मान हलवलीत.

एवढंच. अर्ध्या मिनिटाचं काम असेल, पण दादा, तुम्ही ते स्वतः फिरवून "बेअरिंग गेलंय" एवढं सांगितलं असतं तरी मी गप्प पैसे दिले असते. तुम्ही माझ्या बोटाला ठरवू दिलंत.

मग सगळंच उलगडत गेलं. पुली वाकडी चालते म्हणून बेल्ट कडेने घासतो, तापतो, कड काचेसारखी चकचकीत होते आणि पकड जाते, म्हणजे तिच्यावर कितीही नवे बेल्ट चढवले तरी तेच होणार. आणि आधीच्यांनी नवा बेल्ट आणला होता तो जुन्याच्या मापाने, जुना तर वापरून वापरून ताणलेला असतो, मग नवा पहिल्या दिवसापासूनच सैल! तुम्ही मॉडेल नंबरवरून पार्ट नंबर काढून मागवलात. पुली, बेल्ट दोन्ही बदललं, स्प्रिंग मात्र "ही चांगली आहे, उगाच कशाला" म्हणून परत लावलीत. बदलली म्हणून बिलात लिहिली असती तरी मला काय कळणार होतं. जाताना जुनी पुली माझ्याकडे देऊन गेलात, कुणी विचारलं तर दाखवा म्हणून.

हुशार माणसं खूप भेटतात हो, पण आपल्याला येणारं काम दुसऱ्याला समजेल असं करणारी कमी. बऱ्याच जणांना वाटतं समजावून सांगितलं तर गिऱ्हाईक जाईल. मला तर उलट आता बेल्टच काय, नुसता नट सैल झाला तरी तुम्हालाच फोन करावासा वाटतोय.

गाडी मस्त चाललीये. चढावर मुद्दाम मध्येच थांबवते आणि परत सुरू करते, काही कारण नसताना. आणि हो, तुमचा नंबर मी ओळखीच्या दोघीतिघींना दिलाय, त्यांच्याकडेही हेच मोवर आहेत. माझं नाव सांगतील, फोन उचला, आणि त्यांनापण पुली फिरवायला लावा.

तुमची,
घुंघुं करणाऱ्या मोवरवाली ताई