जुन्या गाड्यांना तेरा-चौदाचा पाना लावू नका

संपादक महोदय,

दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार बघायला गर्दी करणाऱ्या आपल्या गावात जुन्या गाडीचा बोल्ट खोलायला पाना मिळू नये, याचं नवल वाटतं. वडिलांची मॉरिस ही जुनी ब्रिटिश गाडी आमच्या दारात आहे. एका गॅरेजवाल्यानं तिच्या नटावर चौदा मिलिमीटरचा पाना घातला आणि जोर लावला. नटाचे कोपरे गेले, वर ‘गंजलाय हो’ हे ऐकून घ्यावं लागलं!

गंज कसला? त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांना व्हिटवर्थ मापाचे बोल्ट असत. जोसेफ व्हिटवर्थनं 1841 मध्ये ठरवलेलं हे माप. आट्यांचा कोन 55 अंश, आजच्या मिलिमीटरच्या (मेट्रिक) बोल्टचा 60. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचं तोंड असतं सुमारे 13.3 मिलिमीटर. म्हणजे तेराचा बसत नाही, चौदाचा घसरतो. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा तोंडाचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो, तिथंच नवी पोरं फसतात.

मला शेवटी भंगारात एक रिंग पाना सापडला, ‘1/4 डब्ल्यू’ कोरलेला. मापाला मापच बसला. पण प्रत्येकानं भंगारच उपसायचं का? उद्यमनगरात काय बनत नाही? तिथल्या एखाद्या कारखानदारानं चार-पाच मापांचा संच काढावा, पहिला मी घेतो.

— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर