पाच पंचावन्नची खरखर
(माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र)

माननीय मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

परवा सोमवारी पोस्टमननं एक लिफाफा आणून दिला. घरचा रेडिओ लागेनासा झाला म्हणून अकरा महिन्यांपूर्वी मी केलेल्या तक्रारीचं उत्तर होतं ते. चार ओळींत कळवलं होतं की आकाशवाणीचं मीडियम वेव्हचं, म्हणजे साध्या ट्रान्झिस्टरवर लांबवर लागणाऱ्या लहरींवरचं, प्रक्षेपण धोरण म्हणून बंद केलं आहे, श्रोत्यांनी मोबाइलवरच्या ॲपचा लाभ घ्यावा. खाली वाचता न येणारी सही आणि गोल शिक्का. माझ्या तीन पानी पत्रात मी जे विचारलं होतं त्यातल्या एकाही प्रश्नाला त्यात उत्तर नाही. म्हणून आता तुम्हालाच लिहिते आहे, आणि चारचौघांत लिहिते आहे. हे वहीत लिहिलेलं पत्र माझी मुलगी पुण्यात टाइप करून टाकणार आहे, कारण आमच्या वाडीतून ते जाणार नाही. का जाणार नाही, ते पुढे सांगते.

मी पाटण तालुक्यातली, कोयनेच्या खोऱ्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले. यजमान नाहीत. घरात मी, चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई आणि दोन म्हशी.

लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती आकाशवाणीच्या धुनेनं. पाच पंचावन्न. आधी तंबोरा, मग त्यावर ते व्हायोलिन. मग वंदे मातरम्, सनईची मंगलध्वनी, निवेदिकेचा नमस्कार, भक्तिगीतं. ही धून बांधणारा माणूस आपला नव्हे, वॉल्टर कॉफमन त्याचं नाव. ज्यू संगीतकार, हिटलर सत्तेवर आल्यावर युरोप सोडून १९३४ साली मुंबईत आला आणि पुढे तिथल्या रेडिओत काम केलं. घरदार सुटलेल्या माणसानं केलेल्या त्या सुरांवर या देशातल्या किती पिढ्या जाग्या झाल्या. शाळेत मुलांना हे सांगताना दरवेळी माझा गळा भरून यायचा.

आमच्या घरात रेडिओ आला तो भूकंपामुळे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा आमच्या घराची मागची भिंत पडली. सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, तान्ह्या पोराला पोटाशी धरून अंगणात बसून राहिल्या. काय झालंय, किती गावं पडलीत, धरण राहिलंय की फुटलंय, कुणालाच काही कळेना. मामंजी मुंबईत गिरणीत होते. ते मिळेल त्या गाडीनं आले, आणि पुढच्या खेपेला येताना कातडी कव्हरचा ट्रान्झिस्टर घेऊन आले. म्हणाले, पुन्हा काही झालं तर निदान काय झालंय ते तरी कळेल. त्या दिवसापासून या घरात रेडिओ कधी बंद राहिला नाही. सेट बदलले, जागा तीच: माजघरातल्या खिडकीत, गजाला टेकून, थोडा तिरका. मीडियम वेव्हला एरियल ओढावी लागत नाही, सेटच फिरवावा लागतो. आमच्याकडे तो दारवंट्याकडे पाठ करून तिरका ठेवला की आवाज स्वच्छ यायचा. खिडकीच्या लाकडावर त्याच्या बुडाची खूण पडली आहे, अजून आहे. सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे, स्प्रिंगवर चढलेला हिरवा गंज नखानं खरवडायचा. हे आमच्याकडे पोरांना अक्षरं येण्याआधी यायचं.

सकाळचं सगळं घर त्यावर चालायचं. सनई संपली की धार काढायला बसायचं. आमची थोरली म्हैस खोडकर आहे, दूध चोरते, पण भजन कानावर पडलं की पान्हवायची. सहा पंचावन्नला संस्कृत बातम्या लागल्या की माझा डबा भरून झालेला असायचा. १९७४ पासून त्या बातम्या आहेत. मला संस्कृत येत नाही, पण त्या आवाजावर मी एकतीस वर्षं शाळेत वेळेवर पोचले. प्रादेशिक बातम्या संपायच्या आत मी ओढा ओलांडलेला असायचा.

दीड वर्षापूर्वी एका सकाळी पाच पंचावन्नला नुसती खरखर आली. मला वाटलं सेल गेले. नवे घातले. सेट फिरवला, अंगणात नेला, पत्र्यावर ठेवून पाहिला. आठ दिवस मी रोज पहाटे उठून तो काटा इकडून तिकडे फिरवत होते. आमच्याकडे लागणारं ते मीडियम वेव्हचं प्रक्षेपण कायमचं बंद झालंय, हे कळलं ते तालुक्याच्या गावी, तेही किराणा दुकानदाराकडून. ज्या केंद्राला आम्ही पन्नास वर्षं ऐकलं, त्याला शेवटच्या दिवशी एक वाक्य सांगावंसं वाटलं नाही, की श्रोतेहो, उद्यापासून आम्ही नाही? माणूस घर सोडून जाताना शेजाऱ्याला सांगतो हो.

आता माझं खरं दुखणं सांगते. आत्यांचे डोळे दहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं गेले. त्यांना उजेड दिसत नाही, अंधार दिसत नाही. त्यांची सकाळ म्हणजे ती धून. ती वाजली की त्या उठून बसायच्या, हात जोडायच्या, चूळ भरायला पाणी मागायच्या. आता ती वाजत नाही, तेव्हा त्यांची सकाळ होतच नाही. रात्री दीड वाजता हाक येते.

"उजाडलं का गं?"

"न्हाई आत्या, दीड वाजलाय. झोपा."

"मग पेटी का लावली न्हाईस?" पेटी म्हणजे त्यांचा रेडिओ.

पुन्हा तीनला. पुन्हा चारला. कधी कधी अंधारातच उठतात, भिंत चाचपत दारापर्यंत जातात. गेल्या श्रावणात उंबऱ्यात पडल्या, मनगट मोडलं. कराडला नेऊन प्लास्टर घातलं. दीड वर्षात मी एक रात्र सलग झोपलेली नाही. माझं स्वतःचं वय त्रेसष्ट आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, पहाटे धार काढताना डोळ्यापुढे काजवे चमकतात. मुलगी म्हणाली, मोबाइलमध्ये धून भरून देते, गजर लाव. भरून दिली. आत्यांनी दोन दिवस ऐकली. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "म्होरं कुणी बोलत न्हाई." चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला कळलं, पलीकडे माणूस नाही. तुमच्या खात्याला ते कळत नाही.

ॲपचा लाभ घ्यावा म्हणता. मंत्रीमहोदय, आमच्या वाडीत रेंज नाही. फोन करायचा तर देवळामागच्या सड्यावर जावं लागतं, वीस मिनिटांची चढण आहे. पावसाळ्यात तिथं उभं राहवत नाही. पहाटे पाच पंचावन्नला मी आत्यांना पाठुंगळी घेऊन सड्यावर जाऊ का?

मग म्हणतात एफएम ऐका. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की अडतात. मीडियम वेव्ह जमिनीला धरून दऱ्याखोऱ्यांतून लांबवर पोचते, म्हणून तर ती आमच्यासारख्यांसाठी होती. हे मला कुणा तज्ज्ञानं सांगितलेलं नाही, सातवीच्या मुलांना समजेल इतकं सोपं आहे. आकाशवाणी ९९ टक्के लोकसंख्येपर्यंत पोचते असं तुमचंच खातं वर्षानुवर्षं सांगत आलं. आणि जानेवारी २०२३ मध्ये २,५३९ कोटींची योजना मंजूर केलीत तेव्हा सरकारनंच सांगितलं, की आकाशवाणीचं एफएम ६८ टक्के लोकसंख्येपर्यंत आणि ५९ टक्के भूभागावर पोचतं, ते अनुक्रमे ८० आणि ६६ वर न्यायचं आहे. म्हणजे योजना सगळी पार पडली तरी देशाचा एकतृतीयांश भूभाग कोरडा. त्या कोरड्या भागात राहणारे आम्ही कोण? नव्याण्णवातून वजा करताना आम्हाला कुठं धरलंत?

एप्रिल २०२३ मध्ये एका दिवसात ९१ एफएम ट्रान्समीटरचं उद्घाटन झालं, पंतप्रधानांच्या हस्ते. चांगली गोष्ट आहे, मी ती बातमी रेडिओवरच ऐकली होती. पण ते ट्रान्समीटर शंभर वॉटचे. सपाटीवरच्या गावाला ते पुरतील, आमच्या दोन डोंगरांआड ते पोचायचे नाहीत. त्याआधी तीसहून जास्त मीडियम वेव्ह केंद्रांवर डिजिटल यंत्रं बसवली. ते प्रक्षेपण ऐकायला वेगळा रेडिओ लागतो. तो रेडिओ घ्यावा म्हणून मी कराडला तीन दुकानं पालथी घातली. तसा काही सेट असतो हेच दुकानदारांना ठाऊक नव्हतं. ऐकणाऱ्याच्या हातात सेट नाही, तर ते प्रक्षेपण कुणासाठी आहे?

आणि आश्वासन. गेल्याच्या गेल्या वर्षी तालुक्याला एका कार्यक्रमात एक मोठे अधिकारी आले होते. मी उभी राहून विचारलं. त्यांनी माइकवरून सांगितलं, दिवाळीच्या आत घाटमाथ्यावर एफएमचा रिले टॉवर उभा करतो. डायरीत माझं नाव, गाव लिहून घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. घरी येऊन आत्यांना सांगितलं, दिवाळीला पेटी लागणार. वसुबारसेच्या पहाटे त्यांनी मला उठवलं, लाव म्हणाल्या. मी लावली. खरखर. ती दिवाळी गेली, पुढचीही गेली. त्या साहेबांची बदली झाली म्हणतात. नव्यांना विचारलं तर त्यांच्याकडे त्या आश्वासनाची नोंद नाही. एका कार्यालयाला लिहिलं की ते दुसऱ्याकडे बोट दाखवतं, दुसऱ्याला लिहिलं की ते धोरण म्हणून हात झटकतं.

मला आता असं वाटायला लागलंय की हे नुसतं रेडिओचं नाही. ज्याच्याकडे चालणारा मोबाइल नाही तो या देशात माणूसच धरला जात नाही. रेशनला अंगठा, अंगठा उमटला नाही तर ओटीपी. पेन्शनला हयातीचा दाखला, त्यालाही मोबाइल. सात-बारा ऑनलाइन. आमच्या वाडीखालून जाणारी मुक्कामाची एसटी बंद झाली, तीही कुणाला न सांगता. आणि हे कुणाच्या खोऱ्यात चाललंय? आमच्या नदीच्या पाण्यावर कोयनेत १,९६० मेगावॉट वीज होते. त्या धरणाखाली आमच्या माहेरच्या, सासरच्या भावकीच्या जमिनी गेल्या, लोक उठून कुठल्या कुठे गेले. महाराष्ट्राला उजेड दिला आम्ही. एक मीडियम वेव्हचा ट्रान्समीटर चालवायला जी वीज लागते ती खर्चिक म्हणून बंद करता, तेव्हा ती वीज कुठून आली याचा विचार केलात का?

जुलै २०२१ आठवा. आमच्याच तालुक्यात आंबेघरला, मीरगावला डोंगर खाली आला, घरंच्या घरं गाडली गेली. आमच्या वाडीत चार दिवस वीज नव्हती, टॉवर बंद, रस्ता वाहून गेलेला. तेव्हा दोन सेलवर चालणाऱ्या त्या सेटपाशी अकरा घरांतली माणसं आमच्या माजघरात बसली होती. कुठं काय झालंय, पाऊस किती, धरणातून पाणी किती सोडणार, सगळं त्यावर कळलं. मामंजींनी १९६७ नंतर ज्यासाठी रेडिओ आणला, त्यासाठीच तो चोपन्न वर्षांनी उपयोगी पडला. पुढच्या वेळी आम्ही काय लावायचं? खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला तुम्हीच परवानगी देत नाही, आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावाव्या लागतात. तेही इथं येत नाहीच.

दिल्लीत बसून श्रोत्यांचं हित ठरवण्याची सवय जुनी आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर तुमच्याच खुर्चीवर आले, मराठी माणूस. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हद्दपार झाली आणि सगळा देश रेडिओ सिलोनकडे गेला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करून सरकारला मागं यावं लागलं. म्हणजे मागं येता येतं. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग हलवायचा आदेश निघाला, लोकांनी आवाज उठवला आणि स्थगिती मिळाली. पुणं मोठं आहे, तिथं आवाज उठवायला वर्तमानपत्रं आहेत, पुढारी आहेत. आमच्या वाडीत अकरा घरं आहेत. आकाशवाणीच्या बोधचिन्हावर ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ लिहिलेलं आहे. आमची अकरा घरं त्यात धरा.

दिवसभराचं प्रक्षेपण मागत नाही. पहाटे पाच पंचावन्न ते नऊ, एवढंच मीडियम वेव्हवर चालू करा. निदान जोवर डोंगरावर टॉवर होत नाही तोवर. टॉवर होणार असेल तर कधी, तारीख सांगा. होणार नसेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे मी आत्यांना खोटं सांगणं थांबवेन. मीडियम वेव्हच्या खांबांखालच्या मोकळ्या झालेल्या जमिनींचं काय करणार आहात, तेही कळवा. लोकांमध्ये त्याबद्दल वेगळंच बोललं जातंय.

उत्तर पोस्टानं पाठवा. टपाल आमच्याकडे आठवड्यातून दोनदा येतं. मोठ्या अक्षरात नसलं तरी चालेल, ते मीच वाचणार आहे. आत्या रोज विचारतात, त्यांना वाचून दाखवायचं आहे.

आपली,
एक श्रोती
तालुका पाटण, जिल्हा सातारा