पाण्याच्या रॉकेटविषयी सुधीरला पत्र

पुणे, ८ नोव्हेंबर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

शाळेतल्या मुलांकडून रॉकेट करून घेण्याचा तुझा बेत वाचून फार आनंद झाला. मात्र दिवाळीत उरलेल्या फटाक्यांची दारू नळीत ठासून ते उडवण्याचा विचार तू आजच सोडून द्यावास, अशी कळकळीची विनंती आहे. ठासलेली दारू नुसती जळेल की नळीसकट फुटेल, हे आधी सांगता येत नाही, आणि मुलांचे डोळे व बोटे अशा भरवशावर सोडता येत नाहीत. त्याऐवजी पाण्याचे रॉकेट कर. मागे फेकले जाणारे द्रव्य त्यात डोळ्यांना दिसते, त्यामुळे न्यूटनचा तिसरा नियम मुलांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बाटली दोन लिटरच्या शीतपेयाचीच घे, कारण ती वायूचा दाब सोसण्यासाठी घडवलेली असते; साध्या पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक पातळ असते. तोंडात घट्ट बसेल असे रबरी बूच शोध आणि फुटबॉलमध्ये हवा भरण्याची सुई त्याच्या आरपार घाल. सुई आखूड पडली तर बूच कापून कमी कर. बाटली एकतृतीयांश पाण्याने भरून, बूच लावून उलटी उभी केली आणि पंप मारू लागलो, की हवा बुडबुड्यांनी वर जाऊन साठते आणि दाब बुचाच्या पकडीला भारी पडताच रॉकेट सुटते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा दोन वातावरणांनी, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दुपटीने, अधिक असेल, तर पाणी सुरुवातीला सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने बाहेर पडते, आणि सगळे पाणी संपायला पाव सेकंदही लागत नाही. नुसती हवा भरून एकदा उडवून दाखव; हवा हलकी असल्याने मागे फेकायला वजनच उरत नाही, आणि पाणी कशासाठी हवे ते मुलांच्या लगेच ध्यानात येईल.

खरा कस लागतो तो रॉकेट सरळ नेण्यात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ तू यालाच द्यावास. रॉबर्ट गॉडार्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समधील ऑबर्न येथे द्रव इंधनाचे पहिले रॉकेट उडवले, तेव्हा इंजिन वर आणि टाक्या खाली ठेवल्या होत्या. वरून ओढले की खालचा भार आपोआप सरळ राहील, अशी अपेक्षा होती. ते रॉकेट अडीच सेकंदांत जेमतेम ४१ फूट उंच गेले. इंजिन वर असल्याने स्थैर्य येत नाही हे उमगल्यावर त्यांनी पुढे ते खाली आणले. स्थैर्यासाठी गुरुत्वमध्य पुढे आणि हवेचा रेटा जिथे एकवटतो तो बिंदू मागे असावा लागतो. म्हणून बाटलीच्या बुडाशी, म्हणजे रॉकेटच्या टोकाला, शंकू बसवून त्यात थोडी माती भर आणि तोंडाच्या बाजूला तीन-चार पंख लाव. पंखांसाठी प्लास्टिकची जुनी फाइल चांगली, कारण पुठ्ठा भिजून मऊ पडतो. पंख चिकटपट्टीनेच बसव. गरम गोंदाने बाटली कमकुवत होते. पंख तोंडाच्या खालपर्यंत आले, तर रॉकेट त्यांच्यावरच उभे राहते.

उडवण्याआधी रिकामे रॉकेट, ज्या जागी ते आडवे समतोल राहते तिथे दोरी बांधून, डोक्याभोवती फिरवून पाहा. टोक पुढे ठेवून ते फिरले तर ठीक. मागे-पुढे हेलकावे खाऊ लागले, तर टोकात आणखी माती घाल. परीक्षा रिकाम्या रॉकेटचीच घ्यायची, कारण जवळजवळ सगळे उड्डाण ते पाण्याविनाच करते.

पंप आणि सुई यांच्यामध्ये काही मीटर लांब नळी जोड, मुले त्याहूनही मागे उभी कर आणि पंप मारणाऱ्याला चष्मा घालायला लाव. रॉकेट सुटलेच नाही, तर जवळ कोणीही जायचे नाही; नळी पंपाच्या टोकाला सोडली, की दाब आपोआप उतरतो.

उंची मोजायला कोनमापकाच्या मध्याला दोरा आणि खडा बांध. रॉकेटपासून ३० मीटर अंतरावर उभ्या असलेल्या मुलाला ते शिखरावर ४५ अंशांत दिसले, तर त्याच्या डोळ्यांपासून उंचीही ३० मीटरच भरते. पाण्याचे प्रमाण दर खेपेला बदलून मुलांना तक्ता करायला सांग. २१ नोव्हेंबरला, म्हणजे १९६३ मध्ये केरळमधील थुंबा येथील रॉकेट-केंद्रावरून पहिले रॉकेट सुटले त्या तारखेला, हे करता आले तर उत्तम. तो तक्ता मला जरूर पाठव. कोणत्या प्रमाणाला सर्वाधिक उंची मिळाली, हे पाहण्याची मला फार उत्सुकता आहे.

तुझा,
अनंत