सेल्फ फिरतो, गाडी चालू होत नाही : तीन खेपा, दोन बिलं आणि न झालेलं निदान

दि. १४ मे

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
(आपल्या पुण्यातील अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या कामाबाबत)

विषय : चुकीचे निदान करून अनावश्यक सुटे भाग बदलल्याबद्दल २०,६०० रुपये परत मिळणेबाबत.

महोदय,

माझी २०१७ची पेट्रोल गाडी १८ एप्रिलला दुपारी सिंहगड रस्त्यावर, राजाराम पुलाच्या अलीकडे बंद पडली. सेल्फ मारला की इंजिन व्यवस्थित फिरायचं, र्‍र्‍र्‍र आवाज अगदी दमदार, पण गाडी पकडायची नाही. मागून बसवाला हॉर्न वाजवत होता. एका रिक्षावाल्या दादांनी गाडी ढकलून कडेला लावून दिली. मी समोरच्या रसवंतीत दोन ग्लास उसाचा रस प्यायले, चाळीसेक मिनिटांनी सहज किल्ली फिरवली, तर गाडी पहिल्या झटक्यात चालू.

हे सगळं मी आपल्या सर्व्हिस ॲडव्हायझरना शब्दशः सांगितलं होतं : तापली की बंद पडते, निवली की चालू होते. त्यांनी जॉब कार्डवर लिहिलं, 'स्टार्टिंग प्रॉब्लेम'. माझ्या दहा मिनिटांच्या सांगण्याचे एवढे दोन शब्द झाले, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

गाडी रात्रभर आपल्याकडे होती. सकाळी मेकॅनिकनी ती चालू केली. अर्थातच झाली, गार होती. तरीही बॅटरी 'वीक' ठरवून नवी बसवली. ६,४०० रुपये. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, गाड्यांमधलं मला फार कळतं असा दावा नाही. पण जी बॅटरी सेल्फ फिरवून अख्खं इंजिन गरगरा फिरवते, ती आणि तो सेल्फ हे दोघं संशयितांच्या यादीत सगळ्यात खाली जायला हवेत, एवढा तर्क नववीतली मुलंही करतील. जुनी बॅटरी चौदा महिन्यांची होती. ती किती व्होल्ट दाखवत होती, सेल्फ मारताना किती उतरत होती, याची नोंद कुठेच नाही.

२६ एप्रिलला गाडी पुन्हा तशीच बंद पडली. या वेळी फ्युएल पंप. ११,८५० रुपये. किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंपाची दोन सेकंदांची घरघर ऐकू येते, हे मी सांगितलं होतं. आवाज येतो म्हणजे दाब पुरेसा आहेच असं नाही, हे मान्य. पण दाब गेज लावून मोजतात ना? आकडा दाखवा म्हटल्यावर आपले ॲडव्हायझर म्हणाले, "मॅडम, हे टेक्निकल आहे, मिस्टरांना पाठवून द्या." माझ्या मिस्टरांना टायरमध्ये हवा भरायलाही सोबत लागते, पण तो मुद्दा नाही.

८ मे रोजी तिसरी खेप. आता ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गेलाय म्हणे. अंदाजपत्रक ४८,००० रुपये. तेव्हा मी गाडी बाहेर काढली.

दांडेकर पुलाजवळचे आमचे जुने मिस्त्री फोनवर एवढंच म्हणाले, "ताई, गार गाडी आणू नका. गरम करून, बंद पाडून दाखवा." मी भर दुपारी गाडी फिरवून त्यांच्या दारात नेली, दोनदा बंद-चालू केली आणि तिसऱ्यांदा ती रुसली. त्यांनी आधी मीटरमधला किल्लीचा दिवा बघितला, चोरी रोखणारा इमोबिलायझर अडवत नव्हता. मग म्हणाले, "सेल्फ मारा आणि आरपीएमच्या काट्याकडे बघा." इंजिन फिरत होतं, काटा शून्यावरून हलत नव्हता. प्लगला ठिणगी नव्हती आणि पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरला लावलेला छोटा बल्बही लुकलुकत नव्हता. "ठिणगी आणि पेट्रोल एकाच वेळी संपावर जात नाहीत ताई. वरून हुकूमच येत नाहीये."

मग ते बाटली घेऊन गाडीखाली सरकले आणि क्रँक सेन्सरवर गार पाणी सोडलं. मी सेल्फ मारला. गाडी चालू!

पिस्टन नेमका कुठे आहे हे ईसीएमला या सेन्सरमुळे कळतं. ते कळलं नाही की तो ना ठिणगीचा हुकूम देतो, ना पेट्रोलचा, आणि काटाही शून्यावरच राहतो. आमच्या सेन्सरमधली वेटोळ्याची तार तापून प्रसरण पावली की कुठेतरी तुटत होती आणि निवली की पुन्हा जुळत होती. मिस्त्रींच्या साध्या स्कॅनरवर पी०३३५ हा कोडही निघाला, म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट. मग दोन्ही वेळा स्कॅनिंग आणि मजुरीचे मिळून २,३५० रुपये आपण घेतलेत, त्या स्कॅनिंगचा रिपोर्ट कुठे आहे? नाना पेठेतून नवा सेन्सर आला, १,४५० रुपये. मजुरी ४००.

माझ्या मागण्या अशा. बॅटरी, पंप आणि स्कॅनिंग-मजुरी मिळून २०,६०० रुपये परत करावेत. नवी बॅटरी आणि पंप हवे तर काढून न्या. माझे जुने दोन्ही भाग मला परत हवेत. ते मला न विचारता ठेवून घेतले गेले आणि बिलात त्यांची किंमत वजा केलेली दिसत नाही. शिवाय ईसीएम बदलायचं कोणत्या तपासणीवरून ठरलं, ते लेखी कळवावं.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. इतक्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्कही लागत नाही.

आणखी एक. "दहापैकी दहा द्या मॅडम, नाहीतर आमचा इन्सेंटिव्ह कापतात" असे फोन आठवड्यात चार वेळा आले. ते बंद करावेत. तोंडी बोलायचंच असेल तर शनिवारी दुपारी दोननंतर, आणि जॉब कार्ड समोर ठेवून.

आपली,
(सही)
कर्वेनगर, पुणे

सोबत : दोन्ही बिलं, तीन जॉब कार्डं व ईसीएमचं अंदाजपत्रक यांच्या प्रती, आणि शून्यावर बसलेल्या काट्याचा व्हिडिओ.