गोळ्यांना रामराम नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत चीगोंग या चिनी व्यायामावर लेख आला. मथळा ‘बीपीच्या गोळ्यांना रामराम’. सोबत फोटो : डोंगरकड्यावर पांढऱ्या रेशमी पोशाखातला तरणाबांड मुलगा, एक पाय थेट कानाला लावलेला. मी ६८ वर्षांची, टपाल खात्याच्या काउंटरवर ३४ वर्षं काढलेली बाई. मुलीच्या बाळंतपणाला सिंगापूरला गेले होते, तेव्हा तिच्या इमारतीखाली हे शिकले. म्हणून लिहिते आहे.

तिथे इमारतींचा तळमजला मोकळा सोडतात, नुसते खांब. सकाळी सातला धड उजाडलेलंही नसायचं, तेव्हा दहा-बारा चिनी म्हाताऱ्या तिथे जमायच्या. पायात सपाता, एक छोटा स्पीकर. माझा उजवा खांदा तेव्हा जखडला होता, वेणी घालायला हात डोक्यापर्यंत जात नव्हता. बाळ झोपलं की मी खाली उतरून मागच्या रांगेत उभी राहू लागले.

त्या करायच्या ते बादुआनजिन, चीगोंगचाच एक प्रकार. नावाचा अर्थ किनखापाचे आठ तुकडे. आठच हालचाली, पंधरा मिनिटांत आटोपतात. आधी दोन्ही तळहात आभाळाला लावायचे, मग ससाण्यावर नेम धरल्यासारखं डावी-उजवीकडे धनुष्य ओढायचं. मी गुडघे ताठ करून जोर लावायचे. एकदा पुढच्या रांगेतल्या आंटी (तिथे सगळ्याच म्हाताऱ्या आंटी) मागे आल्या आणि त्यांनी आपल्या गुडघ्याने माझ्या गुडघ्यामागच्या खळीत हलकेच ढोसलं. गुडघा सैल पडला आणि, काय सांगू, त्याबरोबर खांदाही खाली आला! इतके दिवस खांदा कानापाशी चढवून मी हात ताणत होते. तीन महिन्यांनी वेणी घालता येऊ लागली. त्यात व्यायामाचा वाटा किती आणि नुसत्या दिवस जाण्याचा किती, ते मी सांगू शकत नाही.

‘ची’ म्हणजे वैश्विक ऊर्जा, असं आपल्या लेखात आहे. मी आंटींना विचारलं तेव्हा त्यांनी चहात बोट बुडवून दगडी टेबलावर जुन्या वळणाचं अक्षर काढलं : खाली तांदूळ, वर वाफ. मग भाताच्या पातेल्यावरचं झाकण थडथडतं तसा पंजा हलवून दाखवला. ‘गोंग’ म्हणजे मेहनतीने अंगी आलेलं कसब. मला एवढं पुरलं.

बोधिधर्म या बौद्ध भिक्षूने भारतातून योग नेला आणि त्याचंच चीगोंग झालं, हे लेखातलं वाक्य तर वाचवेना. चीनच्या हुनान प्रांतात मावांगद्वेई इथल्या थडग्यात १९७३ साली रेशमावर काढलेलं एक चित्र सापडलं. थडगं इसवी सनापूर्वी १६८ मधलं. त्यावर व्यायाम करणाऱ्या ४४ आकृती आहेत, बाया आणि बाप्ये दोन्ही. काही आकृतींशेजारी अस्वल, करकोचा अशी नावं, आणि एकीशेजारी चक्क गुडघेदुखी! बोधिधर्म पाचव्या-सहाव्या शतकातला. त्याच्या कितीतरी आधी चिनी माणसं गुडघे चोळत व्यायाम करत होती. आपलं ते आपलं आहेच, दुसऱ्याचं कशाला ओढायचं?

लेखातल्या दीर्घायुष्याच्या दाव्याचंही तसंच. चीनमधल्या ताओ मार्गातल्या काही मंडळींनी अमर करणाऱ्या गोळ्या बनवल्या, पारा आणि हिंगुळ (पाऱ्याचंच लाल खनिज) घालून. त्या खाऊन तांग घराण्यातले काही सम्राट मेले. पुढे अशा गोळीची भट्टी शरीरातच, बेंबीखाली आहे असं मानून श्वासाची साधना वाढली. म्हणजे तिथेसुद्धा गोळ्यांची हौस आधी फिटली होती. आमची हौस उलटी, गोळ्या टाकून द्यायची.

ती हौस मीही भागवून घेतली. परत आल्यावर इथल्या एका सभागृहात तीन दिवसांचं शिबिर केलं, साडेचार हजार रुपये मोजून. शिकवणारे गृहस्थ दहा फुटांवरून तळहाताने ‘ची’ पाठवत. म्हणाले, बीपीच्या गोळ्यांची आता गरज नाही. मी माझ्या बंद केल्या. बाराव्या दिवशी मी न्हाणीघरात भोवंड येऊन बसले. वरचं प्रेशर १८० निघालं. चूक माझीच, सही करून घेतल्याशिवाय पार्सल न देणारी मी.

आठव्या हालचालीत टाचा उचलून सात वेळा खाली आपटतात. त्यासोबतच्या चिनी ओळीत शंभर रोग पळाल्याचं म्हटलं आहे, तेव्हा फुशारकी मुळातच थोडी आहे. पण ती ओळ स्पीकरवर संपली की आंटी हसत बाकावर बसायच्या, पिशवीतून सात खणांची डबी काढायच्या, त्या दिवसाच्या गोळ्या गरम पाण्याबरोबर घ्यायच्या आणि मग बाजाराला जायच्या. वय ८१.

तेव्हा विनंती अशी : डॉक्टरांना न विचारता बीपीची गोळी बंद करू नये, एवढं वाक्य त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावं. पुढच्या रविवारी आठ हालचालींची चित्रं देणार आहात असं वाचलं. चित्रकाराला सांगा, धनुष्य ओढणारीचे गुडघे वाकलेले काढ, खांदे खाली ठेव. आणि पायात सपाता चालतील.

आपली,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, सातारा