बेसन मळ्यातली बाटली

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

'तीर्थस्वरूप' हा मायना वाचून तुम्ही हसणार, कारण पत्राचा विषय तीर्थच आहे. पण दुसरा मायना सुचला नाही. परवाच्या शनिवारी तुम्ही माझा हात धरला नसतात, तर चौदा वर्षांची ग्रेनाश वाइन आमच्या सिंकमधून वाहून गेली असती. त्याबद्दल आभार मानायचे आहेत आणि ते चारचौघांत मानायचे आहेत. आपल्या ओळखीतल्या निम्म्या घरांत फ्रिजवर नाहीतर कपाटात अशी एखादी बाटली असतेच. कुणीतरी दिलेली, कशासाठी तरी राखून ठेवलेली.

आमची ग्रीन कार्डासाठी राखली होती. २०१३ साली इथे नवे होतो, शनिवार-रविवार गाडी घेऊन भटकायचो. सॅन होजेच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर गिलरॉय लागतं. लसणाचं गाव. हंगामात १०१ हायवेवरून जाताना काच खाली केली की गाडीत फोडणीचा वास येतो. तिथे एका छोट्या वायनरीत काउंटरवरच्या मुलीनं बाटली पुढे केली. लेबलवर मळ्याचं नाव, बेसन. ते मळेवाल्या घराण्याचं आडनाव आहे हे नंतर कळलं. तेव्हा आम्ही नवरा-बायको इतके हसलो की ती मुलगी गोंधळून गेली. लसणाच्या गावात बेसनाचा मळा! हिरव्या मिरच्या तेवढ्या आणल्या की पिठलं तयार. हसण्याच्या भरात पैसे दिले. बाटली २०१० ची होती. "कार्ड आलं की फोडू," असं ठरलं. मग रांग हलेना आणि बाटलीही हलेना. कपाटात, इस्त्रीच्या शेजारी, उभीच्या उभी.

तुम्ही ते कपाट पाहिलंत आणि पहिला प्रश्न विचारलात, "आडवी का नाही ठेवलीस रे?" आडवी ठेवली की बूच आतून ओलं राहतं, उभी ठेवली की ते सुकतं आणि हवा आत शिरते. मला हे माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असणारच. तीस वर्षं प्रयोगशाळेत आणि निवृत्तीनंतर शनिवार-रविवार वायनरीतल्या वाइन चाखवायच्या खोलीत पेले भरत उभं राहणाऱ्या दुसऱ्या काकू मला तरी ठाऊक नाहीत. तुमच्या पर्समधून तो दोन पात्यांचा ओपनर निघाला तेव्हा आमची मुलगी "आजीचा चिमटा" म्हणाली. स्क्रू फिरवला असता तर बुचाचा चुरा झाला असता. तुम्ही दोन्ही पाती बुचाच्या दोन बाजूंनी हलके हलके आत सरकवलीत आणि पिळत पिळत वर घेतलंत. तरी खालचा तुकडा राहिलाच. तो आत पडला आणि तुमची चहाची गाळणी कामाला आली.

मग ओतणं. पोटात गाळ असतो म्हणून आदल्या दिवसापासून बाटली हलवायची नाही, हे तुम्ही फोनवर बजावलं होतं. (उभी ठेवल्याचा एवढा एकच फायदा.) पूर्वी बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती धरत, तुम्ही माझ्या मोबाईलचा टॉर्च धरायला लावलात. काचेच्या भांड्यात इतकी सावकाश धार की माझ्या हाताला मुंग्या आल्या. मानेपाशी काळसर रेघ दिसली आणि तुम्ही थांबलात. "हा गाळ म्हणजे तुरटपणा," म्हणालात. टॅनिन आणि रंग वर्षानुवर्षं एकमेकांना धरत मोठे होतात, जड झाले की तळाशी बसतात. म्हणून जुनी वाइन फिकी दिसते आणि जिभेला कमी आवळते. टॅनिनला मराठीत काय म्हणायचं, असं मी विचारलं तर तुम्ही चिडलात. "षड्रसांत तुरट आहे की! जांभूळ खाल्लं नाहीस कधी?"

आणि मग मी पहिला पेला नाकाला लावला.

बंद घराचा वास. वर्षभर कुलूप लावलेल्या गावच्या घराचं दार उघडल्यावर येतो तसा. मी बायकोकडे पाहिलं, तिनं नाक मुरडलं आणि मी ते काचेचं भांडं उचलून सिंककडे निघालो. तिथे तुम्ही माझं मनगट धरलंत. "ओतू नको. वीस मिनिटं थांब." बूच खरोखर बाधलेलं असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि हवा लागली की तो वाढतो. हा नुसता कोंडलेला वास, हवा लागली की जाईल. वाढतोय की जातोय, एवढंच बघायचं. ही वीस मिनिटं मला कुणी दिली नसती, मी स्वतःलाही दिली नसती.

त्या वीस मिनिटांत तुम्ही जे बोललात त्यासाठी वेगळे आभार. ग्रेनाश ही द्राक्षाची जात मूळची स्पेनची, तिकडे गार्नाचा, सार्डिनियात कानोनाउ. पातळ सालीची, ऊन सोसणारी, उशिरा पिकणारी, साखर भरपूर म्हणून अल्कोहोलही चढं. कॅलिफोर्नियात तिला कित्येक वर्षं भरताडासारखं वापरलं. मधल्या खोऱ्यातल्या उन्हात ढीगभर पिकवायची आणि मोठ्या बाटल्यांतल्या स्वस्त वाइनमध्ये नाहीतर गुलाबी वाइनमध्ये घालवायची. तिला मान मिळाला तो ऐंशीच्या दशकात, फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातल्या द्राक्षजातींचं वेड लागलेल्या वाइनवाल्या मंडळींमुळे. त्यातले रँडल ग्रॅम आणि त्यांची 'ल सिगार व्होलां' ही वाइन, पहिली १९८४ सालची, नावाचा अर्थ उडता सिगार म्हणजे उडती तबकडी. कारण १९५४ साली फ्रान्समधल्या शातोनफ-द्यु-पाप गावानं उडत्या तबकड्यांना आपल्या हद्दीत उतरायला रीतसर बंदी घातली होती. मला वाटलं तुम्ही फेकताय. नंतर शोधलं, खरं निघालं. तो ठराव अंमलातही आला म्हणायचा, कारण आजवर एकही तबकडी उतरलेली नाही.

पण मला आवडला तो नाशिककडच्या तुमच्या पिंपळगावचा भाग. बेसन मळ्यातले वेल १९१० साली लावलेले, हे ऐकून तुम्ही लेबलवरून बोट फिरवलंत. तुमच्या भावाच्या द्राक्षबागेत पंधराएक वर्षांत बाग काढून नवी लावतात. शंभर वर्षांचा वेल तुमच्याकडे गोष्टीतच. गिलरॉयच्या त्या वेलांना ना मांडव ना तार, पिळदार खोडाची बुटकी झाडं. तुमच्याकडे एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. इथे हिवाळ्यात पानं गळतात, वेल झोपतो, तेव्हा एकदाच छाटायचं. "आमच्या वेलाला झोपच नाही रे," असं तुम्ही म्हणालात ते बायकोनं दुसऱ्या दिवशी मला पुन्हा म्हणून दाखवलं. आणि आपण नाशिकचं म्हणून खातो ते थॉमसन? ते नाव कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉमसनचं, एकोणिसाव्या शतकात इथल्याच सटर काउंटीत ती जात पुढे आणणाऱ्या माणसाचं! म्हणजे तुमच्या भावाच्या बागेतलं फळ या राज्यातल्या माणसाचं नाव लावतं आणि तुम्ही इथे येऊन नाशिकचं नाव सांगता.

१९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली तेव्हा हे वेल जेमतेम दहा वर्षांचे. पण घरच्या घरी वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर, फळांचा 'रस' करायला मुभा होती, म्हणून कॅलिफोर्नियातले बरेच मळे टिकले. परमिट रूमच्या पाट्या वाचत वाढलेल्या माणसाला तो 'रस' लगेच कळतो.

तोवर कोंडलेला वास गेला होता.

पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरायला लावलात. कडेला विटकरी, मध्ये पाण्यात भिजत घातलेल्या आमसुलाचा रंग. "आता वास घे आणि मराठीत सांग. चेरी-बेरी म्हणालास तर पेला काढून घेईन." मी अडखळत आमसूल म्हणालो. बायको म्हणाली सुकं अंजीर, मग गुलकंद. मग मला आजोबांची चंची आठवली, तंबाखू आणि कातडं एकत्र आलेलं, आणि मी ते बोलायला लाजलो. तुम्ही टेबलावर हात आपटलात. "तेच! इथले लोक त्याला लेदर आणि टोबॅको म्हणतात, तुझ्याकडे एकाच शब्दात आहे." पंधरा वर्षं ऑफिसच्या जेवणांत मी वाइनचा पेला फिरवून 'नाइस' म्हणत आलोय. खरं म्हणजे मला कळतच नाही, असं समजून. त्या एका 'तेच'साठी हे पत्र उघड लिहितोय.

घोट घेतला तर तुरटपणा होता नव्हता. आधी गोडसर, मग थोडं आंबट, शेवटी बडीशेपेसारखं काहीतरी रेंगाळलं. तरुणपणी ही दांडगी असणार, तुम्ही म्हणालात. चौदा टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल कुठे लपतं? लपलेलं नव्हतंच, घशात ऊब होती. मी खर्डा आणायला उठलो तर बसवलंत, कारण तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना पेटवतात. बिनमिरचीचं वांग्याचं भरीत आणि भाकरी, एवढंच. माझं मत विचाराल तर भरीत वाइनपेक्षा चांगलं झालं होतं.

तासाभरानं पेल्यातलं फळ विझायला लागलं. आमसूल गेलं, चंची उरली. मी हळहळलो, अजून दोन वर्षं आधी उघडायला हवी होती म्हणालो. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत विचारलंत, "कार्ड आलं का?" नाही. "मग?" आणि उरलेला पेला माझ्या बायकोकडे सरकवलात.

तळातला गाळ तुम्ही खिडकीतल्या तुळशीला घालायला निघाला होतात, तो बायकोनं अडवला. तेवढा एक हात तिनं तुमचा धरला. शेवटी शेजारच्या गुलाबाला घातला. गुलाब अजून जिवंत आहे.

तुमची चहाची गाळणी आमच्याकडेच राहिली. तिला जांभळा डाग पडलाय. लिंबू-मीठ लावून पाहिलं, सोडा लावून पाहिला, जात नाही. शनिवारी आणून देतो. कपाटात मागे अजून एक बाटली सापडली आहे, तीही उभीच होती. बरोबर आणू का, की आदल्या दिवशी तुमच्याकडे ठेवून जाऊ, तेवढं कळवा.

आपला,
दोन दारं पलीकडचा